नीम आणि आमचं गांधीबागेतलं घर

परदेशवारी करून आलं की नागपुरात पहिला प्रश्न असतो, "थंडी होती का?" आणि दुसरा, "खायचे हाल झाले असतील ना?" गांधीबागेत मात्र ह्या दोन्हींच्या आधी तिसराच प्रश्न येतो. "तिकडे कापडाचा भाव काय?"

आम्हाला तो दादाने विचारला. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे माँपेलिएला तीन आठवडे राहून आलो. दक्षिण फ्रान्स. मुलीला सुट्टी नव्हती, म्हणून तिने एक दिवस आम्हाला आगगाडीत बसवून दिलं. अर्ध्या तासावर जुनं रोमन शहर आहे, बघून या, संध्याकाळी परत या. शहराच्या नावाचं स्पेलिंग भलतंच आणि उच्चार साधा, नीम. रात्री दादाला फोनवर सांगितलं, "आज नीमला जाऊन आलो." तिकडून उत्तर आलं, "कडुनिंब पाह्याले एवढ्या लांब गेला काय बे?"

प्रवासवर्णन लिहायचा माझा विचार नाही. नीमची छायाचित्रं कोणालाही घरबसल्या बघता येतात, आणि माझ्यापेक्षा चांगली. मला लिहायचंय ते त्या एका दिवसाने माझ्या डोक्यात जी कटकट सुरू केली तिच्याबद्दल. ती अजून थांबलेली नाही आणि दसऱ्याच्या आत मला एका कागदावर सही करायची की नाही ते ठरवायचंय. नातेवाईक मंडळींना कुठला कागद ते ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो.

गांधीबाग म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे बाग येत नाही, कापड येतं. बाग आहे, पण लोक येतात ते ठोक कापडबाजारात. गल्लीबोळांत गाठी उतरतात, हमाल "हटो हटो" करत जातात, गाद्यांवर थान उलगडले जातात. त्यातल्याच एका बोळात आमचं घर आहे. खाली दुकान, वर सागवानी कडीपाटाची माडी. आबांचे वडील मागावर लुगडी विणायचे. आबांनी विणणं सोडून विकणं धरलं आणि हे घर बांधलं. आता खालचं दुकान दादाचा मुलगा चालवतो, तिथे लुगडी नसतात, ड्रेस मटेरियल असतं. वर दादा-वहिनी राहतात. मी प्रतापनगरात फ्लॅटमध्ये राहतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर बिल्डरने शेजारची दोन घरं घेतली आहेत आणि आता त्याला आमचं हवं आहे. दादा तयार, चुलतभाऊ तयार. अडून बसलो होतो मी. का अडलो होतो ते मला त्या वेळी धड सांगता येत नव्हतं. "आबांची आठवण" वगैरे म्हणत होतो.

आता नीम. स्टेशनातून बाहेर पडून एका रुंद, झाडांच्या रस्त्याने सरळ चालत गेलं की समोर रोमन आखाडा येतो. लंबगोल, १३३ मीटर लांब, १०१ मीटर रुंद, दोन मजले, मजल्याला साठ-साठ कमानी. पहिल्या शतकाच्या अखेरीचा. खरं सांगतो, छाती दडपली. आत जाऊन वरच्या पायरीवर बसलो. ऊन तिशीच्या आसपास असेल, पण तिथली माणसं सावली शोधत होती. ही म्हणाली, "ह्यांना एकदा मे महिन्यात गांधीबागेत आणलं पाहिजे." (उगाच हसू नये. २०१९ च्या जूनमध्ये ह्याच भागात पारा ४५ च्या वर गेला होता.)

बसलो होतो तिथे मागून मराठी कानावर आलं. एक गृहस्थ आपल्या मंडळींना सांगत होते, "बघा, कसं जपलंय! आपल्याकडे असतं तर पानाच्या पिचकाऱ्या आणि बदामात नावं." मीही मनात मान डोलावली. आपण सगळेच डोलावतो. परदेशात गेलेल्या मराठी माणसाचं हे एक ठरलेलं वाक्य आहे, माझ्यासकट.

पण मग तिथलीच माहिती वाचत गेलो आणि ते वाक्य डळमळायला लागलं. रोमन गेल्यावर व्हिसिगॉथ लोकांनी ह्या आखाड्याचा किल्ला केला. पुढे त्याच्या आत घरं झाली, गल्ल्या झाल्या, चर्च झाली. अठराव्या शतकात त्या लंबगोलात सुमारे ७०० माणसं राहत होती. रोमन कमान म्हणजे कोणाची तरी न्हाणी, कोणाची तरी कोठी. शतकाच्या शेवटाला घरं हटवायला सुरुवात झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळं मोकळं करून "प्राचीन वास्तू" बाहेर काढली. म्हणजे "जपलंय" ते असं. हजार-दीड हजार वर्षं ती वास्तू कोणी जपली नव्हती, वापरली होती. आणि वापरली म्हणून ती उभी होती. रिकामी पडली असती तर तिचे दगड घराघरांत गेले असते.

मला त्या सातशे लोकांनी पछाडलं. फलकावर त्यांची एक ओळ होती. ते कुठे गेले, त्यांना काय मिळालं, हे त्यात नव्हतं. कोणीतरी म्हातारी म्हणाली असेल की मी इथेच मरते, आणि तिची सून म्हणाली असेल की सुटलो एकदाचं, ह्या दगडात ओल येते.

दुपारी कापडाकडे वळलो, कारण दादाला तोंड दाखवायचं होतं. कॅथेड्रलच्या शेजारी पूर्वीच्या बिशपच्या वाड्यात जुन्या नीमचं संग्रहालय आहे. जीन्सच्या कापडाला आपण डेनिम म्हणतो ते 'द नीम', म्हणजे 'नीमचं', ह्यावरून आलं असं सांगतात. काही अभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटत नाही, पण नीमकरांना पटते, आणि आपल्याला कशाला त्यांच्यात पडायचं? गंमत म्हणजे तसल्याच जाड कापडाचं दुसरं इंग्रजी नाव, डंगरी, हे आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून आलेलं आहे. हिला म्हटलं, "बघ, एक बाजू ह्यांची, एक आपली." ती म्हणाली, "आणि शिवून विकली अमेरिकेने." बरोबर आहे तिचं. लिव्हाय स्ट्राउस आणि जेकब डेव्हिसचं रिव्हेटवालं पेटंट १८७३ चं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या पँटींचं कापड न्यू हॅम्पशायरच्या गिरणीतून येत होतं.

नीममध्ये एके काळी रेशमी मोजे विणले जात, काश्मिरी शालींच्या नकला होत, रंगाऱ्यांचे कारखाने होते. शहराला नाव मिळालं ते नेमाउसस ह्या झऱ्याच्या देवावरून. (आपलं नाग नदीवरून. दोन्ही गावं पाण्याच्या नावाची, आणि नाग नदीचं आपण काय केलंय ते इथे लिहीत नाही.) १७३० च्या दशकाच्या अखेरीस धोब्यांना आणि रंगाऱ्यांना पाणी पुरेना म्हणून तो झरा उपसायला घेतला आणि त्यात रोमन बांधकाम सापडलं. इतिहास शोधायला कोणी गेलं नव्हतं, कापड धुवायला गेलं होतं. आज तिथे सुंदर बाग आहे आणि कापडाचा धंदा जवळजवळ संपलेला आहे. संग्रहालयातल्या काचेमागच्या शालीसमोर उभा होतो तेव्हा मला, का कोण जाणे, एम्प्रेस मिल आठवली.

जुम्मा तलावाला लागून असलेल्या पाणथळ जमिनीवर जमशेटजी टाटांनी ती बांधली. तेव्हा एका सावकाराने म्हणे कर्ज नाकारलं, जमिनीत सोनं पुरणाऱ्याला मी पैसे देणार नाही म्हणून. आणि नंतर त्यानेच कबूल केलं की ह्या माणसाने माती पुरून सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, मिल सुरू झाली. आमच्या लहानपणी भोंग्यावर घड्याळ लावत. २००२ च्या सुमारास ती कायमची बंद पडली आणि आता त्या जागी मॉल आहे. मी त्या मॉलमध्ये जातो. सिनेमा पाहतो, आईस्क्रीम खातो. आबांच्या पिढीतली निम्मी गल्ली जिथे घाम गाळत होती तिथे सरकत्या जिन्यावरून वर जातो आणि मला काहीही होत नाही. नीममध्ये मात्र एका अनोळखी बाईच्या शालीपुढे घसा दाटून आला. हे काय आहे? मला तर हा शुद्ध दांभिकपणा वाटला, आणि दांभिक मीच होतो.

तोच अनुभव दरवाजाचा. नीमभोवती रोमनांनी सुमारे सहा किलोमीटरचा कोट बांधला होता. त्याचा एक दरवाजा अजून आहे, ऑगस्टसचा दरवाजा. ह्या नगरीला कोट आणि दरवाजे सम्राट ऑगस्टसने दिले असा त्यावर लेख होता, इ. स. पूर्व १६-१५ मधला. इटलीहून स्पेनकडे जाणारा रोमन रस्ता इथून गावात शिरायचा. दोन मोठ्या कमानी गाड्यांसाठी, दोन लहान चालणाऱ्यांसाठी. आज तो रस्त्याच्या पातळीखाली, कठड्याआड उभा आहे. त्यातून कोणी कुठेही जात नाही. आम्ही कठड्याला टेकून दहा मिनिटं बघितलं.

आणि आमचा जुम्मा दरवाजा? बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये वसवलेल्या नागपूरला पुढे चांद सुलतानाने कोट घातला, जुम्मा तलाव बांधला. तो कोट गेला. महालातला भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला. हा दरवाजा राहिला. पुढे आम्ही त्याला गांधी गेट म्हणायला लागलो, तलावाला गांधीसागर. (आपल्याकडे जुनं काही हाती लागलं की त्याला गांधीजींचं नाव देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. पण शुक्रवारी तलाव हेही नाव चालतंच, आणि जुम्मा म्हणजे शुक्रवारच. नावं बदलून बदलून गाडी तिथेच.) चाळीस वर्षं मी त्या दरवाजाखालून सायकल, मग लुना, मग स्कूटर काढली. कधी मान वर केली नाही. ट्रॅफिकमध्ये मान वर केली तर पुढच्या ऑटोवर आदळायची भीती.

आता इथे एक सोपा निष्कर्ष तयारच आहे. त्यांनी इतिहास पेटीत ठेवला, आपण इतिहासात जगतो. ऐकायला छान आहे. परत आल्यावर मी हा निष्कर्ष चार ठिकाणी सांगून टाळ्याही घेतल्या. पाचव्या ठिकाणी दादा होता.

दादा म्हणाला, "इतिहासात तू कुठं जगून राहिला? तू तर लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जगून राहिला. इतिहासात मी जगून राहिलो. पावसात येऊन पाय कधी, तीन जागी बादल्या लावतो. तुझ्या वहिनीचे गुडघे गेले ह्या जिन्यानं."

मी गप्प बसलो. आमचा जिना ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. दोरी धरून चढावं लागतं. वहिनी दिवसातून एकदाच उतरते, मंदिरात जायला, आणि कधी कधी तेही नाही. ती आखाड्यातल्या सातशेंपैकी आहे आणि मी कठड्याला टेकलेला पाहुणा. कोणाच्या तरी गुडघ्यांवर आपली आठवण उभी करायची आणि वर त्याला वारसा म्हणायचं, हे मला आता पटत नाही. जुन्या पेठांबद्दल हळवं लिहिणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा पत्ता नवीन वस्तीतला असतो, हे एकदा मोजून पाहायला हरकत नाही. (मी मोजलं. माझ्या ओळखीत एक अपवाद सापडला, आणि तोही घर विकायला काढतोय.)

मग पाडू द्यायचं का सरळ? इथे मला नीममधलं तिसरं ठिकाण आठवतं, आणि खरं म्हणजे सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चाललाय. मेझों कारे. नावाचा अर्थ चौकोनी घर. आहे लांबट, पण असो. पहिल्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं रोमन मंदिर, जवळजवळ जसंच्या तसं. ते जसंच्या तसं का, तर त्याला एक दिवस फुरसत मिळाली नाही म्हणून. मध्ययुगात गावच्या पंचांची बैठक तिथे भरायची. मग कोणाचं तरी राहतं घर झालं, मग तबेला, मग मठवाल्यांचं चर्च, क्रांतीनंतर सरकारी कचेरी, १८२३ पासून संग्रहालय. घोडे बांधले होते हो तिथे! २०१८ मध्ये शहराने आपल्या अख्ख्या जुन्या वस्तीसाठी जागतिक वारसा यादीत अर्ज केला होता, तो मान्य झाला नाही. २०२३ मध्ये यादीत गेलं ते हे एकटं, एके काळचा तबेला असलेलं घर.

आणि समोर काय आहे? काच आणि लोखंड. नॉर्मन फॉस्टरने बांधलेली, १९९३ मध्ये उघडलेली ग्रंथालय-कलासंग्रहालयाची इमारत. पुढे बारीक उंच खांब, मंदिराच्या खांबांना नमस्कार केल्यासारखे. मला ती फार आवडली. त्या जागी आधी जुनं नाट्यगृह होतं, ते १९५२ मध्ये जळालं, दर्शनी खांबांची रांग तेवढी उरली. नवी इमारत बांधताना त्या खांबांचं नीमकरांनी काय केलं असेल? उचलून हमरस्त्यावरच्या विश्रांतीथांब्यावर नेऊन उभे केले. ट्रकवाले तिथे चहा... म्हणजे कॉफी पितात. हे वाचलं तेव्हा मला विलक्षण बरं वाटलं. तेही आपल्यासारखेच आहेत. जागा कमी पडली की आजोबांची वस्तू उचलून गावाबाहेर नेऊन ठेवतात. फक्त फेकत नाहीत. आणि नव्यासाठी चांगला माणूस बोलावतात.

माझं मत आता एवढंच आहे. घर पडणार, पडू दे. वहिनीला लिफ्ट मिळू दे. पण पाडताना आपण हिशेब काय ठेवतो, कुठली वस्तू कुठे जाते, कोण कुठे जातो, हे लिहून ठेवायला काय हरकत आहे? बिल्डरच्या करारात चौरस फूट आहेत, पार्किंग आहे, टाइल्सची कंपनीसुद्धा आहे. सागवानी तुळयांचा उल्लेख फक्त "मलबा" ह्या शब्दात आहे. ह्या एका शब्दावर माझी सही अडली आहे. दादाला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे विशेष.

मेझों कारेच्या कपाळावर पूर्वी ब्राँझची अक्षरं होती. ती कधीच गेली. राहिली ती खिळ्यांची भोकं. १७५८ मध्ये सेग्विए नावाच्या नीमच्याच एका विद्वानाने ती भोकं उतरवून घेतली आणि त्यांवरून लेख वाचला, की हे मंदिर ऑगस्टसच्या दत्तक मुलांना, गाइयस आणि लुसियस ह्यांना, वाहिलेलं आहे. हे मी दादाला सांगत होतो आणि तो मधेच म्हणाला, "आपल्याही आहेत ना भोकं."

आबांच्या वेळी दुकानाच्या दर्शनी पाटावर पितळी अक्षरं होती. आबा गेल्यावर काकांनी ती मोडीत विकली आणि वर टिनाचा बोर्ड ठोकला. पुतण्याला म्हटलं, काढ बोर्ड. मागून सागवानी पाट निघाला, कोळिष्टकं, पालीची अंडी, आणि भोकं. आम्ही दोघं म्हातारे स्टुलावर उभं राहून खडू फिरवत बसलो. समोरचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला आले. सेग्विएचं काम सोपं होतं असं माझं मत झालं, कारण त्याच्या लिपीला शिरोरेषा नव्हती. आमच्याकडे वर सगळी भोकं एका ओळीत, आणि खाली कुठलं भोक कशाचं ते ब्रह्मदेवाला ठाऊक. "लुगडे" हा शब्द नक्की लागला. दादा म्हणतो "लुगडी" आहे, मी म्हणतो मात्रा आहे. त्याच्या आधी एक चार अक्षरी नाव आहे. ते आबांचं नाही, वडलांचं नाही. पणजीचं असेल असं वहिनीला वाटतं, आणि वहिनीने आजवर फार कमी गोष्टी चुकीच्या सांगितल्या आहेत. पणजीचं नाव आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.

बिल्डरला पाटाबद्दल विचारलं. तो म्हणाला, लॉबीत लावू साहेब, चांगला दिसेल, पॉलिश करून देतो. पॉलिश नको म्हटलं, भोकं बुजतील. करारात हे लिहून द्यायला तो अजून कां-कूं करतो आहे.

तर नातेवाईक मंडळी, विशेषतः पुणे आणि अमरावतीवाले. १९७८ मध्ये आत्याच्या लग्नाची वरात दुकानासमोर थांबली होती आणि कोणीतरी फोटो काढले होते, हे मला पक्कं आठवतं. तेव्हा अक्षरं जागेवर होती. अल्बममध्ये, माळ्यावरच्या ट्रंकेत, कुठेही असेल तर मेलवर पाठवा. माणसं कापली गेली असली तरी चालेल, मला वरची पाटी हवी आहे. दसऱ्याच्या आधी पाठवा.